आजोबांची ब्रनो टू-टू: कुंद्याला पॉलिश मारावं का?

पूर्णाकाठ (परभणी)
आजोबांकडं चेकोस्लोव्हाकियाची ब्रनो मॉडेल २ रायफल आहे. पॉइंट टू-टू (.२२ इंच बोअर), पाच गोळ्यांचं मॅगझिन. परवाना त्यांच्याच नावावर आणि चालू आहे, वय ८१. रायफल माळवदाच्या खोलीत चामड्याच्या खोळीत टांगलेली असते. नळीवर तांबूस ठिपके आलेत, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा मागंपुढं सरकणारा दांडा) जड ओढतो, गाल टेकतो तिथला कुंद्याचा (खांद्याला टेकतो त्या लाकडी भागाचा) रंग पार उडालाय. तेल म्हणाल तर घरचं करडईचं. चुलतभाऊ म्हणतो घासून नवी कोरी करू, आजोबा हात लावू देत नाहीत. काय करावं?

बालाघाटी
आजोबांचं ऐका. रंग उडालेली ती जागा म्हणजेच त्या रायफलीची किंमत. जाणकार पॉलिश पेपर मारलेला कुंदा लांबून ओळखतो, लाकडाच्या कडा गोल झालेल्या असतात आणि लोखंड लाकडाच्या वर उठून दिसतं.

पण खोळ आजच काढा. चामडं पावसाळ्यातली ओल धरून ठेवतं, त्यात कमावताना वापरलेली आम्लं असतात. खोळ जिथं घट्ट बसते तिथंच ठिपके येतात, बघा. मातीच्या भिंतीलाही टेकवू नका. कोरड्या लाकडी कपाटात कुलपात उभी ठेवा.

ठिपक्यांवर मशीनचं पातळ तेल लावून रात्रभर सोडा, मग सगळ्यात बारीक, चार शून्याच्या स्टील वूलनं तेलातच हलकं चोळा. तांबूस जाईल, खालचा काळसर डाग राहील. राहू द्या. नंबर आणि शिक्क्यांवर मात्र स्टील वूल अजिबात नाही. ओळखखूण पुसणं आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे, हेतू साफसफाईचा असला तरी उत्तर देत बसावं लागतं.

कुंद्याला जवसाचं तेल. चार-पाच थेंब तळहातावर घेऊन चोळायचं, पंधरा मिनिटांनी पुसायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, असं तीनदा. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटते. दोरीवर पसरून वाळवा.

नेमबाज_जालना
बोल्ट जड होण्याचं कारण करडईच आहे. ते तेल हवेनं वाळून चिकट होतं, वर्षानुवर्षांत आत रोगण बसतं. (खोबरेलही नको, थंडीत थिजतं आणि काडतुसावर आपटणारी पिन मंद पडते.) मॅगझिन काढा, खोली (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसतं ती जागा) रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा आणि बोटानंही चाचपा. मग बोल्टचा दांडा वर करून ट्रिगर दाबून धरला की बोल्ट मागं निघून येतो. तो रॉकेलमध्ये तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडा पुसा. तेल एक थेंब, त्याहून जास्त नको.

नळी साफ करताना गज मागून, बोल्टच्या बाजूनं घाला. टू-टूच्या नळ्या गोळ्यांनी झिजत नाहीत, तोंडाकडून घातलेल्या गजानं झिजतात. गोळी मऊ शिशाची, जेमतेम अडीच ग्रॅमची. बाहेर पडताना तोंडाची कड एका बाजूला खाल्लेली असली की नेम फाकतो. नंतर उजेडाकडं धरून आत बघा. आट्यांवर (नळीच्या आतल्या पीळदार खाचांवर) कुठं काळी गोल सावली दिसली तर नळी तिथं फुगलेली आहे. मग ती रायफल झाडायची नाही, फक्त सांभाळायची.

कागदवाला
परवान्याचं आत्ताच बघा. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडं असलं, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. परभणीत अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. वारसाकडं आधीची हत्यारं असतील तर २०१९ पासून एकूण मर्यादा दोनच, वारशानं आलेलंही त्यात धरतात. आणि चुलतभाऊ परस्पर रायफल घेऊन दुकानात जाऊ शकत नाही. दुरुस्तीला नेताना आजोबा सोबत हवेत किंवा त्यांचं लेखी पत्र हवं.

पूर्णाकाठ (परभणी)
खोळ काढली. आतून हिरवट बुरशी होती. एक राहिलं: आजोबा रोज संध्याकाळी रिकाम्या रायफलीचा खटका ओढून तो ‘टक’ ऐकतात. चालेल का?

नेमबाज_जालना
रिकामी नको. टू-टूत पिन काडतुसाच्या मधे नाही, कडेवर आपटते. भाग झिजलेले असले की काडतूस नसताना ती थेट खोलीच्या काठावर बसते, तिथं खाच पडते आणि मग झाडलेली पुंगळी निघताना अडकते. परवान्यावरच्या काडतुसांतली एखादी झाडलेली पुंगळी असेल तर ती खोलीत ठेवून ओढू द्या. दर वेळी बोल्ट उघडून ती थोडी फिरवायची, म्हणजे पिनला न दबलेली कड मिळते. कडेला चहूकडून खाचा पडल्या की दुसरी घ्यायची. आवाज तोच येतो.