सोसायटीच्या ग्रुपवर: शनिवारच्या गच्चीवरच्या सिनेमाबद्दल

ए-२०१ सेक्रेटरी: नमस्कार. काल सिनेमा वेळेत संपला, दहाच्या आत स्पीकर बंद झाला, सर्वांचे आभार. पंधरा खुर्च्या अजून गच्चीवरच आहेत. संध्याकाळपर्यंत खाली आणाव्यात.

बी-४०२ काकू: खुर्च्यांचं होईल हो. आधी सांगा, हा सिनेमा ठरवला कोणी? निरोपात 'जगबुडीनंतरचं जग' असं लिहिलं होतंत. माझी नातवंडं दुपारपासून नाचत होती. आणि बघतो तर काय, तीन माणसं गवतात बसतात, बोलतात, उठतात, परत बसतात. मध्यंतरालाच आम्ही खाली आलो.

सी-१०३: काकूंशी सहमत. तो रुळांवरच्या ट्रॉलीचा प्रवास! नुसती डोकी दाखवतायत. मी घड्याळ लावून पाहिलं, जवळजवळ चार मिनिटं.

ए-५०४: सिनेमा मी सुचवला होता, म्हणून मीच बोलते. रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्स्कीचा 'स्टॉकर', १९७९ चा. निरोपात 'जगबुडी' लिहायला नको होतं, ती माझी चूक. यात जग बुडत नाही. एका भागात काहीतरी घडून गेलंय, उल्का पडली की आणखी काही, ते कोणालाच ठाऊक नाही. सैनिक पाठवले, ते परतले नाहीत, मग कुंपण घातलं. आत एक खोली आहे. तिथे पोचणाऱ्याच्या मनातली सर्वांत खोल इच्छा पुरी होते म्हणतात. एक वाटाड्या एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला घेऊन तिकडे निघतो.

ट्रॉलीबद्दल, दादा: तोवर सगळं मळकट तपकिरी असतं. ती चार मिनिटं आपण डोकी बघतो, चाकांचा आवाज हळूहळू बदलत जातो, आणि मग समोर हिरवं गवत येतं. मी लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अर्काइव्हमध्ये पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्या हिरव्या रंगाने डोळे भरून आले होते. झटकन कापलं असतं तर तो नुसता रंगच राहिला असता.

सी-१०३: थोडं पटतंय, ताई. पण आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकतो मी. शनिवारी तरी कोणीतरी मला वेगात कुठेतरी न्यावं असं वाटतं.

डी-३०१ सर: मला त्यात भीती वाटली. कशाची, ते सांगता येईना. धोका एकदाही दिसत नाही. वाटाड्या नटबोल्टमधला नट घेतो, त्याला कापडाची पट्टी बांधतो, पुढे फेकतो, आणि तो पडला तिथपर्यंतच पाऊल टाकायचं. सरळ रस्त्याने जायचं नाही. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे मला एकदम किरणोत्सर्गच आठवला. तोही डोळ्यांना दिसत नाही. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला १९८६ मध्ये, म्हणजे या सिनेमानंतर सात वर्षांनी. तिथेही हिरवंगार रान, रिकामी घरं आणि तीस किलोमीटरची हद्द.

बी-४०२ काकू: सर, नट मलाही दिसले. एकदा फेकला, दोनदा फेकला, पुढे काही झालंच नाही. भीती घालायची आणि मग काहीच घडू द्यायचं नाही, ही मला फसवणूक वाटते. शिवाय खाली इंग्रजी अक्षरं. आम्ही सहा-सात जणी होतो. वाचेपर्यंत ओळ निघून जाते. मग आम्ही बघायचं तरी काय?

ए-५०४: अक्षरांचं अगदी खरं आहे, काकू. ते मला आधी सुचायला हवं होतं.

ए-१०२ आजोबा: मी शेवटपर्यंत होतो. सिनेमा समजला असं म्हणणार नाही. पण मध्ये एके ठिकाणी कॅमेरा उथळ पाण्यावरून अगदी सावकाश सरकतो. तळाशी नाणी, इंजेक्शनची सिरिंज, देवाच्या चित्राचा तुकडा, पिस्तूल, कॅलेंडरचं पान. मला १९६१ दिसलं.

१२ जुलै, बुधवार. पानशेतचं धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याचं. मी नऊ वर्षांचा. आमचं बिऱ्हाड पुण्यात शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. पाण्याची ओरड झाल्यावर आईने आम्हा भावंडांना पर्वतीकडे मामाच्या घरी नेलं. पाणी ओसरल्यावर वडिलांबरोबर वाड्यात आलो. चौकात पोटरीपर्यंत गाळ. त्यात आईचं शिवणयंत्र, शेजाऱ्यांचे पाट, दत्ताची तसबीर पालथी, माझं भूगोलाचं पुस्तक. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. एकेका वस्तूकडे बघत नुसते उभे. धरणच गेल्यामुळे पुढे नळाला पाणी नव्हतं, एका बादलीसाठी विहिरीवर रांग. तो वास अजून नाकात आहे. संकट आलं त्या दिवशी सगळी घाई होती. नंतरचे दिवस मात्र सरता सरत नव्हते.

पुराचा सिनेमा म्हटलं की लोक लोंढा दाखवतात. लोंढा मी पाहिलाच नाही. मी पाहिला तो गाळ. काल पहिल्यांदा कोणीतरी इतका वेळ गाळाकडे बघत थांबलं.

सी-१०३: आजोबा, इतकी वर्षं शेजारी राहतोय, हे कधी बोलला नाहीत.

ए-१०२ आजोबा: विषय निघाला नव्हता.

डी-२०२: आजोबांचं वाचून गलबलून आलं. तरीही म्हणते, तो अनुभव आजोबांचा आहे, सिनेमाचा नाही. प्रेक्षकाने सगळं आपल्या घरून आणायचं, तर दिग्दर्शकाने काय केलं?

ए-५०४: पाण्याखाली काय ठेवायचं आणि आपल्याला किती वेळ बघायला लावायचं, हे त्यानेच ठरवलं ना, ताई. इस्टोनियात, टॅलिनजवळ एका बंद पडलेल्या जलविद्युत केंद्राच्या परिसरात हे चित्रीकरण झालं. पहिल्यांदा केलेलं काम लॅबमध्ये फिल्म बिघडल्यामुळे वाया गेलं, आणि त्याने जवळजवळ सगळं पुन्हा केलं. त्यातला एकही क्षण उगाच रेंगाळलेला नाही.

डी-२०२: कष्टाला नमस्कार. पण मला कंटाळा आला, आणि तो कंटाळाही खरा आहे. तो माझ्या समजेचा दोष मानायला मी तयार नाही.

डी-३०१ सर: नाहीच मुळी. माझी सौही झोपली होती.

ए-२०१ सेक्रेटरी: खुर्च्या अजून नऊ.

बी-४०२ काकू: अगं ए-५०४, एक विचारते. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणत होत्या, शेवटी त्या वाटाड्याची बायको सरळ आपल्याकडे बघून बोलते. काय बोलते?

ए-५०४: माझ्या शब्दांत सांगते, काकू. आईचा लग्नाला विरोध होता, म्हणते. या माणसाचं काही खरं नाही, मुलंही धड होणार नाहीत, हे तिला स्वतःलाही आधीच ठाऊक होतं. त्यांची मुलगी चालू शकत नाही, तो तुरुंगात जाऊन आलाय. तरी ती म्हणते, दुःखच नसतं तर सुखही नसतं, मला पश्चात्ताप नाही.

बी-४०२ काकू: आणि तो?

ए-५०४: तो थकून झोपलेला असतो. खोलीच्या दारापर्यंत जाऊनही तिघांपैकी कोणी आत गेलं नाही. माणसांना श्रद्धाच उरली नाही म्हणून रडतो, आणि ती त्याला गोळी देऊन निजवते.

बी-४०२ काकू: म्हणजे रडायचं त्याने, आणि घर, पोर, औषधं सगळं तिने. मला आता कालच्यापेक्षा जास्त राग आला बघ. तेवढा शेवटचा अर्धा तास मला दाखव. आमच्याकडे ये, टीव्हीवर लाव, आणि तिचं बोलणं आलं की थांबवून मराठीत सांग. बुधवारी चारनंतर मी घरी आहे.

ए-५०४: येते, काकू.

ए-१०२ आजोबा: मीही येईन. पाण्याचा तो प्रसंग मला पुन्हा बघायचा आहे.