सल्ला हवा: धनुष्याच्या दोरीवरची कडी सरकते आहे, पितळीच घ्यावी की दोऱ्याची गाठ मारावी?

गुजरीची_लेक | १२ जानेवारी, रात्री ९.४०
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची. वर्षभर तिरंदाजी शिकते आहे. लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आहे, ६२ इंची, २८ पाउंड ओढीचं. नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळायचा स्टॅबिलायझर नाही, बाण टेकवायचा रेस्टही नाही. बाण थेट शेल्फवर (मुठीच्या वरच्या खाचेवर) टेकवून सोडते. दोरी डॅक्रॉनची, १४ पदरी.

बाण नेमका कुठे लावायचा ते कळावं म्हणून दुकानदाराने दोरीवर पितळी कडी दाबून दिली होती. आतलं रबर फाटलंय आणि आता ती पाच-सहा बाणांत वर सरकते. बाण सुटताना खटकन आवाज येतो, शेल्फच्या कातड्यावर काळे ओरखडे पडलेत. जवळून सोडलेला बाण शेपूट वर करून घुसतो.

नवी कडी घ्यावी की दोरा बांधावा? बांधायचा तर कुठला? खर्च ४०० रुपयांच्या आत हवा. येत्या रविवारी आमच्यात १८ मीटरची छोटी स्पर्धा आहे.

ताठ_कणा | १२ जानेवारी, रात्री १०.०५
पितळी कडीच घ्या. मी सहा वर्षं तीच वापरतोय, एक मिलिमीटर हललेली नाही. तुमची सरकते कारण ती साध्या पकडीने दाबली असणार. त्यासाठी गोल खाच असलेली खास पक्कड येते, ती कडीला तिन्ही बाजूंनी सारखी आवळते. सोबत चांगला बो स्क्वेअर (दोरीवर काटकोन मोजायची पट्टी) घ्या, आणि हात लागलाच आहे तर सर्व्हिंग (दोरीच्या मध्यावरचं दोऱ्याचं वेष्टण) गुंडाळायचं यंत्रही. माझं सगळं मिळून २,६०० ला पडलं, पण जन्माचं काम झालं. शेल्फपासून दोरीला काटकोन जिथे लागतो, कडीची खालची कड त्याच्या अर्धा इंच वर. विषय संपला.

विदर्भ_तिरंदाज | १२ जानेवारी, रात्री १०.४८
ताईंनी ४०० सांगितले आणि तुम्ही २,६०० चं सामान काढलं.

आम्ही इंडियन राउंड खेळलो, बांबूचं धनुष्य, ३० आणि ५० मीटर. गोधडी शिवायचा जाड सुती दोरा, त्याला मेण, वरून नेलपॉलिशचे दोन हात. खर्च शून्य, कारण नेलपॉलिश बहिणीचं. या असल्या गाठीवर मी शाळेतून राज्यापर्यंत गेलो. आता मुलं पहिल्या महिन्यात तीस हजारांचं सामान घेतात आणि त्यांना गाठ मारता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पिसारा | १२ जानेवारी, रात्री ११.२०
दोरा म्हणाल तर मेण लावलेला डेंटल फ्लॉस. औषधाच्या दुकानात मिळतो, चपटा असतो, सर्व्हिंगला घट्ट धरतो. मी बांधते ते असं: हातभर फ्लॉस घ्यायचा. दोरीच्या पुढच्या बाजूला एक साधी अर्धी गाठ ओढायची, मग टोकं मागे नेऊन मागच्या बाजूला एक. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. प्रत्येक गाठ आधीच्या गाठीला खेटून, खालून वर. अशा आठ-दहा झाल्या की पाच-सहा मिलिमीटरची नळी होते. शेवटी उजवीवर डावी, डावीवर उजवी अशी पक्की गाठ. टोकं दोन मिलिमीटर ठेवून कापायची. नायलॉनचा फ्लॉस असेल तर लायटरची ज्योत लांबूनच दाखवायची, टोक वितळून बोंड होतं. ज्योत दोरीला लागू देऊ नका. माझ्या मैत्रिणीने घाईत सर्व्हिंगच जाळलं आणि नवी दोरी घ्यावी लागली.

ताठ_कणा | १३ जानेवारी, सकाळी ७.१५
फ्लॉस दातांच्या फटी साफ करायला असतो. उन्हात मेण वितळलं की गाठ सैल. पाहिलंय मी.

पिसारा | १३ जानेवारी, सकाळी ७.५२
चौथं वर्ष चालू आहे माझ्या गाठीचं, सोलापूरच्या उन्हात. पितळ दोरीच्या ऐन मध्यावर येतं. तिथे वाढलेला प्रत्येक ग्रेन (वजनाचं बारीक माप) बाणाचा वेग थोडा खातो. शिवाय कडी जास्त आवळली तर सर्व्हिंग कापते. माझ्या पहिल्या दोरीचं तेच झालं होतं, म्हणून मी पितळ सोडलं.

साहेबाच्या_देशात | १३ जानेवारी, दुपारी १.३०
मी इंग्लंडात लाँगबो (लांब, सरळ धनुष्य) मारतो, ४५ पाउंड. माझं स्पष्ट मत, रिकर्व्ह विका आणि लाँगबो घ्या. पोर्टस्मथला मेरी रोझ जहाजाचं संग्रहालय आहे. जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यात १३० च्या वर धनुष्यं आणि हजारो बाण निघाले. त्या बाणांची पिसं रेशमी दोऱ्याने बांधलेली होती. मी दोनदा जाऊन पाहून आलो, दोन्ही वेळा काचेसमोरून पाय निघेना.

मुद्द्याचं एक सांगतो. वर आणि खाली अशा दोन गाठी मारणार असाल तर बाणाची खाच मध्ये अगदी चेपून बसवू नका. ताणल्यावर दोरीचा कोन अरुंद होतो, ६२ इंची धनुष्यात जास्तच. खाच दोन्हीकडून दाबली गेली की बाण शेल्फवरून उचलला जातो. दोन पोस्टकार्डांच्या जाडीएवढी फट ठेवा.

सातपुड्याचा | १३ जानेवारी, दुपारी ३.१०
आमच्याकडे नंदुरबारकडच्या पाड्यांवर तीरकामठ्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीची. तिच्यावर ना कडी ना गाठ. माझे आजोबा बाण न बघता लावायचे आणि दर वेळी त्याच जागी. हाताला सवय लागली की जागा बोटांना कळते. आणि ते अंगठा लावत नसत, एकलव्याचा मान म्हणून. घरात आम्हाला तसंच सांगितलं जायचं.

विदर्भ_तिरंदाज | १३ जानेवारी, दुपारी ३.४४
मान राखूनच म्हणतो दादा, पण आजकाल मैदानावर जवळजवळ कुणीच अंगठा लावत नाही. तर्जनी, मधलं आणि अनामिका, या तीन बोटांनीच दोरी ओढतात. अंगठ्याने ओढायची पद्धत तुर्की आणि कोरियन धनुष्याची, तिला अंगठ्यात कडं लागतं.

सातपुड्याचा | १३ जानेवारी, सायंकाळी ४.०२
पद्धत कुणाची का असेना. आमच्याकडे अंगठा न लावण्यामागे आठवण आहे, एवढंच मला सांगायचं होतं.

मराठी_शब्द | १३ जानेवारी, सायंकाळी ५.२५
नॉकिंग पॉइंटला, म्हणजे दोरीवर बाण लावायच्या जागेला, आपण मराठीत काय म्हणायचं? ‘कडी’ म्हटलं की पितळ डोळ्यासमोर येतं. ‘बाणठाण’ कसा वाटतो?

पिसारा | १३ जानेवारी, सायंकाळी ५.४०
शब्द छान आहे, पण त्यावर वेगळा धागा काढा ना. त्यांची स्पर्धा रविवारी आहे.

गुजरीची_लेक | १३ जानेवारी, रात्री ८.३०
सगळ्यांचे आभार. धनुष्य विकणार नाही, ते बाबांनी घेऊन दिलंय. आणि खर्च ४०० च, यंत्रं नकोत.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. महिन्यापूर्वी मी बोटं बदलली. आधी एक बोट बाणाच्या वर, दोन खाली अशी धरायचे. आता तिन्ही खाली धरते, नेम डोळ्याजवळ येतो म्हणून. आणि बाणाची शेपूट वर दिसते म्हणजे कडी जास्त उंच आहे असं वाटून मी ती दोनदा खाली घेतली. तरी शेपूट वरच. उलट आवाज वाढला.

अप्पा_सुतार | १३ जानेवारी, रात्री ९.५५
पोरी, तुझं दुखणं इथेच आहे. कडी सरकते हा त्याचा अर्धाच भाग.

शेल्फवरून बाण सोडताना गाठ फार खाली असली की बाणाचा मागचा भाग शेल्फवर आपटतो आणि उडून वर येतो. बघणाऱ्याला शेपूट वर दिसते. माणूस म्हणतो गाठ उंच झाली, खाली घेतो, आणि बाण आणखी जोराने आपटतो. काळे ओरखडे आणि खटका हीच त्याची खूण. मी स्वतः या फेऱ्यात दोन महिने होतो. लाकूड बदललं, पिसं बदलली, शेवटी गाठ वर नेली आणि आवाज गेला.

तू तीन बोटं खाली घेतलीस म्हणजे सगळा दाब बाणाच्या खालून आला. या पकडीत गाठ अर्ध्या इंचावर पुरत नाही. बाणही दोरीवर खाली घसरू पाहतो. म्हणून खालून एक गाठ लागतेच. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमातही एक किंवा दोन चालतात.

मोजायला बो स्क्वेअर विकत घेऊ नकोस. सुताराचा गुण्या आण. धनुष्याला दोरी चढव, गुण्याची एक बाजू दोरीला लाव, दुसरी शेल्फवर टेकव. काटकोन दोरीला जिथे लागतो तिथे पेनाने बारीक खूण कर. तिथून पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर वर, वरच्या गाठीची खालची कड यायला हवी. मुद्दाम उंच सुरू करायचं. मग दहा मीटरवरून पिसं असलेले तीन बाण आणि बिनपिसांचा एक बाण मार. बिनपिसांचा खाली लागला तर गाठ अजून उंच आहे, एकेक मिलिमीटर खाली आण. दोन्ही एका उंचीवर लागू लागले की थांब. उंचावरून खाली आलीस तर शेल्फचा उडता बाण तुला फसवणार नाही.

खाली आणायला गाठ सोडावी लागत नाही. सर्व्हिंगचा दोरा दोरीभोवती मळसूत्रासारखा फिरलेला असतो. बांधलेली गाठ चिमटीत धरून नटासारखी फिरव, ती फेऱ्याफेऱ्याने चढते-उतरते. पितळी कडीला दर वेळी पक्कड लागते. जागा पक्की ठरल्यावरच गोंदाचा एक थेंब.

आणि डॅक्रॉन ताणतं. दोरी नवी असेल तर आधी शंभरेक बाण मार, मुठीपासून दोरीचं अंतर मोजून लिहून ठेव. ते बदललं की पीळ दे किंवा काढ, आणि गाठीची उंची पुन्हा मोज.

नवशिका_२ | १४ जानेवारी, सकाळी ८.१०
तिळगूळ घ्या गोड बोला. कुणी डेंटल फ्लॉस सुचवला का? मस्त चालतो. मी १० गाठी मारतो, एक पुढे एक मागे.

पिसारा | १४ जानेवारी, सकाळी ८.३३
तेच वर सविस्तर लिहिलंय मी. तिळगूळ घ्या.

ताई, अजून एक बघून ठेवा. धनुष्य आडवं धरून बाण दोरीला लटकवा आणि बाणाजवळ दोरीवर बोटाने टिचकी मारा. टिचकीने बाण सुटून पडायला हवा. न पडला तर खाच फार घट्ट. टिचकीआधीच पडला तर सैल, आणि ते जास्त वाईट. ऐन ताणात बाण गळला तर दोरी रिकामी सुटते आणि लिम्ब (धनुष्याचा वाकणारा हात) तडकू शकतो. सैल असेल तर मधलं सर्व्हिंग जाड दोऱ्याने नव्याने गुंडाळायला हवं, गाठ नंतर.

ताठ_कणा | १४ जानेवारी, सकाळी ९.२०
अप्पांचं उंचीचं पटलं. तीन बोटं खाली हे आधी कळलं असतं तर मी अर्धा इंच सांगितला नसता. कडी मात्र पितळीच. दोन लावा, वर एक, खाली एक.

खाडीकाठचा | १४ जानेवारी, सकाळी ११.०५
तंगूस का नाही वापरत? आमच्याकडे गळाला तीच असते, तुटत नाही.

अप्पा_सुतार | १४ जानेवारी, सकाळी ११.४०
तंगूस गुळगुळीत, गाठ धरत नाही. आणि संक्रांत आहे म्हणून कुणी मांजा सुचवू नका. काच लावलेला दोरा दोरी आणि बोटं दोन्ही कापेल.

गुजरीची_लेक | १६ जानेवारी, रात्री ९.१५
झालं एकदाचं. तुम्ही कुणीच सांगितलं नव्हतं ते केलंय, रागावू नका.

आमच्या गुजरीत (सराफ बाजारात) पटवेकरी काका आहेत. आईचा कोल्हापुरी साज तेच गाठवतात. काल दोरी चढवलेलं धनुष्य घेऊन त्यांच्याकडे गेले. आधी घरी मामाच्या गुण्याने मोजून पेनाने खुणा केल्या होत्या. काकांनी दोरीकडे बघितलं, सर्व्हिंगवरून नख फिरवलं आणि म्हणाले, ‘‘हे तर आमच्यासारखंच गुंडाळलंय.’’ पीळदार रेशीम घेतलं, मेणावरून ओढलं आणि दोन गाठवण्या घातल्या, वर सहा मिलिमीटर, खाली चार. टोकं सुईने आतून ओढून घेतली, कुठे बोंड नाही, गोंद नाही. मध्ये फट ठेवा म्हटल्यावर दोन पोस्टकार्डं मागितली त्यांनी. चाळीस रुपये घेतले.

आज १९ वर सुरू केलं. पहिल्याच बाणाला खटका गेला. शेल्फवर पांढरी पावडर टाकून बघितलं, ओरखडा नाही. बिनपिसांचा बाण चार बोटं खाली लागत होता. गाठी फिरवत १६ वर आणल्या, आता तो पिसांच्या बाणांशेजारी लागतो. टिचकीची चाचणी पण केली, बरोबर पडतो.

पिसारा | १६ जानेवारी, रात्री ९.३७
किती सुंदर! फोटो टाका. फक्त रेशीम घासलं जातं, दर आठवड्याला मेण लावत जा.

अप्पा_सुतार | १६ जानेवारी, रात्री १०.१०
मी फ्लॉसच वापरला असता. पावसात भिजलं की रेशीम कसं वागतं ते बघून कळव. १६ हा आकडा लिहून ठेव, दोरी बदलशील तेव्हा तिथूनच सुरू कर. आणि जुन्या दोरीवर अशाच दोन गाठी घालून ती पिशवीत ठेव, स्पर्धेत दोरी तुटते तेव्हा मोजायला वेळ नसतो.

साहेबाच्या_देशात | १६ जानेवारी, रात्री ११.५५
रेशीम! मेरी रोझच्या बाणांवर तेच. मी मार्चमध्ये कोल्हापूरला येतोय, काकांचं दुकान गुजरीत नेमकं कुठे? माझ्या तिन्ही दोऱ्या घेऊन येतो.

गुजरीची_लेक | १७ जानेवारी, सकाळी ७.०५
या की. पण सोमवारी दुकान बंद असतं, आणि लग्नसराईत काका साज सोडून दुसरं काही हातात घेत नाहीत. अप्पा, जुनी दोरी आज त्यांच्याकडे टाकून येते.