मदत हवी आहे: तूप, अंडी बंद करूनही कोलेस्टेरॉल २२८. तेल कोणतं आणू?

रानवारा
बाबांचं कोलेस्टेरॉल तीन महिन्यांपूर्वी २३१ होतं. तूप बंद, अंडी बंद, ओलं खोबरं बंद. तेलसुद्धा 'कोलेस्टेरॉल-फ्री' लिहिलेलंच आणतोय. काल रिपोर्ट आला, २२८! कोणतं तेल आणू तेवढं सांगा, सोमवारी किराणा भरायचाय.

प्रयोगशाळा
२२८ हा एकूण आकडा, त्यावरून काहीच ठरत नाही. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), एचडीएल (चांगलं), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) किती? वय? शुगर, थायरॉइड तपासलंय का? गोळी चालू आहे?

लाकडी_घाणा
घाण्याचं करडई तेल आणा, डोळे मिटून. रिफाइंडनेच घराघरात वाट लावली आहे.

तिसरा_मजला
डोळे उघडे ठेवूनच आणा. संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) करडईत दहा टक्क्यांच्या आत, शेंगदाणा तेलात वीसच्या आसपास, पामतेलात जवळपास निम्मी, खोबरेलात ऐंशीच्या वर. घाण्यावर काढा नाहीतर रिफाइंड करा, हे प्रमाण तेच राहतं. संपृक्त चरबी जास्त झाली की यकृत रक्तातलं एलडीएल उचलायला कमी पडतं, म्हणून ते वाढतं. आणि कोलेस्टेरॉल असतं प्राणिज पदार्थांत, तेलबियांत नावापुरतंच. त्यामुळे 'कोलेस्टेरॉल-फ्री' या शब्दांनी तेल निवडू नका. पिशवी उलटी करून 'सॅच्युरेटेड फॅट'ची ओळ वाचा.

लाकडी_घाणा
आणि चव, वास, ई जीवनसत्त्व? ते कोण मोजणार?

तिसरा_मजला
चवीसाठी जरूर घ्या. एलडीएल त्याने उतरणार नाही.

रानवारा
वय ५९. एलडीएल १२८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड ३१०. गोळी नाही, बाकी काही तपासलेलं नाही. पण मी तेलाचं विचारलं होतं.

प्रयोगशाळा
तुमचा प्रश्न तेलाचा नाहीच. ते १२८ बहुधा मोजलेलं नसून हिशेबाने काढलेलं आहे: २२८ मधून एचडीएल ३८ आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, ६२, वजा. ट्रायग्लिसराइड चढेल तसा हा हिशेब कच्चा होतो, ४०० च्या वर तर वापरतच नाहीत. त्यापेक्षा २२८ वजा ३८, म्हणजे १९० हा नॉन-एचडीएल आकडा बघा. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचणारे सगळे कण त्यात आले. १३० च्या आत असावा, तो खूप वर आहे.
आणि ३१० अंड्यांमुळे होत नाही. जास्तीची साखर, मैदा, दारू यांची यकृतात चरबी होते आणि ती रक्तात येते. रक्त उपाशीपोटी दिलं होतं का? चहा किती वेळा, सोबत काय?

जवसाची_चटणी
रोज एक चमचा भाजलेलं जवस कुटून द्या. अख्खं नको, तसंच बाहेर पडतं.

रानवारा
बारा तास उपाशी होते. दारू नाही. चहा चार वेळा, दोन-दोन चमचे साखर. सोबत खारी किंवा टोस्ट. तूप बंद केल्यापासून पोळी कोरडी जात नाही म्हणून गुळाशी खातात.

प्रयोगशाळा
इथेच घोडं अडलंय. एक चमचा तुपाच्या जागी गुळाचा खडा आला. नुसत्या चहातून आठ चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम साखर. खारीचे थर सुटायला घट्ट स्निग्धच लागतं, बेकरीत ते बहुतेक मार्गारीन नाहीतर वनस्पती तूप. २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटला, म्हणजे तेल गोठवताना होणाऱ्या घातक चरबीला, दोन टक्क्यांची मर्यादा आहे, पण त्यात वापरलेल्या पामतेलाची संपृक्त चरबी राहतेच. साखर, गूळ, खारी, टोस्ट बंद करून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आत्ताच करा: थायरॉइड मंद असेल किंवा शुगर वाढलेली असेल तर नुसत्या पथ्याने हे आकडे हलत नाहीत. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, गोळीचं ते ठरवतील.

सुगरण
तळणीचं उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळायला नको.

तिसरा_मजला
तेल महिन्याला किती लागतं? माणसं किती?

रानवारा
पाच लिटर, चौघं.

तिसरा_मजला
म्हणजे माणशी रोज ४० मिलीच्या वर. सोमवारी करडई एक लिटर, शेंगदाणा एक लिटर, बस्स. फोडणी पळीने नको, चमच्याने.

रानवारा
चाचण्या उद्याच करतो. खारीऐवजी काय देऊ? नुसता चहा ते घेणार नाहीत.

प्रयोगशाळा
मूठभर फुटाणे, सालासकट.

लाकडी_घाणा
आणि तेल?