मुलांना राग इंग्रजीतच का येतो?

रामबागची आजी
परवा आमच्या सात वर्षांच्या नातवाचा टॅब काढून घेतला तर तो "आय हेट यू आजी" म्हणाला आणि दार आपटून आत गेला. दार आपटल्याचं काही नाही हो, शब्द लागला. आम्ही लहानपणी रुसायचो, फुरंगटून कोपऱ्यात बसायचो आणि कुणीतरी समजूत काढायला यायचंच, हातावर बेसनाचा लाडू ठेवायचं. हेटची समजूत कशी काढायची? गेममध्ये दिवसभर किल नि डिस्ट्रॉय, क्रिकेट बघताना पण बॉलरला डिस्ट्रॉय केलं. रुसणं, चिडणं, धुसफुसणं, तणतणणं, संतापणं, प्रत्येकाची धग वेगळी आहे, घरात तरी हे शब्द मुलांच्या कानावर पडू द्या असं मला मनापासून वाटतं.

माळव्याचा माणूस
आजी, नाही पटलं. मराठी एवढी सोज्वळ कधी होती? माझी आजी "तंगडं मोडून हातात देईन" आणि "मुडदा बशिवला तुझा" दिवसातून दहा वेळा म्हणायची. आणि हिंसेचे शब्द इंग्रजीने आपल्याला दिले असंही नाही, लूट आणि ठग हे आपल्याकडूनच तिकडे गेलेत, ठगांच्या मागे लागलेला इंग्रज अधिकारी स्लीमन जबलपूरलाच होता. पेंढारी तर आपल्या माळव्यातले, १८१७-१८ ला इंग्रजांनी त्यांच्यावर मोहीम काढली आणि त्याच धामधुमीत महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, तो शब्दही पिंडारी होऊन इंग्रजीत गेला. दोष भाषेचा नाही, टॅब हातात कोण देतं त्याचा आहे.

पलासिया
मी शाळेत इंग्रजी शिकवते म्हणून दोघांनाही सांगते, इंग्रजीतही अनॉइड, क्रॉस, फ्युरियस, लिव्हिड अशी चढती भाजणी आहे, मुलांपर्यंत ती पोचतच नाही. रेज आणि रेबीज एकाच लॅटिन शब्दातून आलेत हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो. डेसिमेट म्हणजे मुळात रोमन सैन्यात दहातल्या एकाला मारायची शिक्षा. आणि अँगर ज्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला त्याचा अर्थ दुःख असा होता, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं.
गेल्या आठवड्यात एका मुलाने चित्राखाली अँग्री लिहिलं, मी विचारलं किती अँग्री, कुणावर? बराच वेळ खडू कुरतडत उभा राहिला आणि मग म्हणाला, "मॅम, गुस्सा नहीं, बुरा लगा था." त्याच्याकडे शब्द होता, पण आम्ही त्याला फक्त इंग्रजीत विचारत होतो.

माळव्याचा माणूस
हे मात्र पटलं. पण आजी खरं सांगा, हेट म्हणालेला नातू अर्ध्या तासात मांडीवर येऊन बसला की नाही? आमची आजी पण मुडदा बशिवला म्हणून लगेच गरम पोळी वाढायची.

रामबागची आजी
आला, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या आजीचा मुडदा घरात सगळ्यांना कळायचा, त्याला काही अर्थ नव्हता. मी रात्री झोपवताना त्याला विचारलं, रुसला होतास का रे? तर म्हणाला, रुसणं म्हणजे काय? मी गाल फुगवून, पाठ करून बसून दाखवलं. आज सकाळी दुधाचा कप तसाच ठेवून तो पाठ फिरवून बसला आणि दर मिनिटाला मागे वळून बघत होता, मी येते का ते.