संगोपनातल्या मुलीच्या जमिनीवर चुलत्याचा डोळा. वकील कुणी द्यायचा?

विडी_घरकुल: बाल कल्याण समितीच्या आदेशानं आमच्याकडं बारा वर्षांची पोरगी सांभाळायला आहे. वडील गेले, आईचा पत्ता नाही. परवा मोहोळकडून चुलते आले. सातबाऱ्यावर हिचं नाव आहे, तुम्ही पालक, हक्कसोड पत्रावर सही करा म्हणायलेत. चहा पाजून वाटेला लावलं. आता म्हणे आदेशच रद्द करून पोरीला नेणार. ती दप्तर उशाला घेऊन झोपायलीय. वकील आम्ही लावायचा का? हे यंत्रमागावर, मी शिलाईला, फी कुठनं आणू?

शेंगाचटणी: ताई, कोर्टकचेरी नको. रक्ताचं नातं आहे, उद्या लग्नात चुलताच उभा राहील. मिटवून घ्या.

निवृत्त_शिरस्तेदार: लग्नाला उभा राहायला जमीन कशाला लागते म्हणे? ताई, तुमची सही चालतच नाही. तुमच्याकडं सांभाळ आहे, मिळकतीचं पालकत्व नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 कलम 11 बघा: नुसतं सांभाळतो म्हणून अज्ञानाची, म्हणजे अठरा वर्षांखालच्या पोराची, मिळकत कुणाला विकता-सोडता येत नाही. चुलत्यालाही तेच लागू. आधी सातबारा आणि फेरफार काढा, अ.पा.क., म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, म्हणून कुणाचं नाव लागलंय बघा. वकील पोरीच्या नावानं मागा, फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यात बालकाला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातच ऑफिस आहे, नाहीतर 15100 ला फोन लावा.

बालस्नेही: आदेश बदलायचा तर समितीच बदलणार, चुलत्याच्या म्हणण्यानं काही होत नाही. तुम्ही आधीच लेखी अर्ज द्या, पोरीचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐकून घ्या अशी विनंती त्यात लिहा. जिल्हा बाल संरक्षण कक्षालाही प्रत द्या. निर्णय विरोधात गेलाच तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम 101 प्रमाणे 30 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील. नाव-शाळा इथं लिहिली नाहीत ते बरं केलंत, कलम 74 नं मनाई आहे.

विडी_घरकुल: सातबारा काढला. अ.पा.क. म्हणून चुलत्याचंच नाव! मग माझी सही कशाला पाहिजे होती ह्याला?

निवृत्त_शिरस्तेदार: उद्या अंगाशी आलं तर बोट दाखवायला. तो उतारा अर्जाला जोडा. समितीचा मूळ आदेश घरातच ठेवा, झेरॉक्स न्या, आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.