मदत हवी आहे: ‘विच हंट’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

एका लेखाचं भाषांतर करतेय आणि चार दिवस एकाच शब्दापाशी अडलेय. १९४७ नंतर अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्याला लेखात ‘विच हंट’ म्हटलंय. ‘चेटकिणीची शिकार’ लिहिलं तर परीकथा वाटते. ‘सूडबुद्धीने कारवाई’ म्हणावं, तर त्यात वैर आधीपासून असावं लागतं. आणि ‘बळीचा बकरा’ म्हणावं, तर तो एकटाच असतो. इथे एकाच्या तोंडून दुसरा सापडतो, दुसऱ्याच्या तोंडून तिसरा.

हे मला जर्मनीतल्या बाम्बेर्गच्या योहानेस युनियुसच्या पत्रामुळे कळलं. हा गृहस्थ त्या शहराचा महापौर होता. १६२८ मध्ये चेटूक करतो म्हणून त्याला पकडलं. बायकोला त्याआधीच मारलं होतं. शिकंज्यात हात पिळवटून निघालेले, तशा हातांनी त्याने तुरुंगातून मुलीला, वेरोनिकाला, लपूनछपून पत्र लिहिलं. चेटक्यांच्या मेळाव्यात कोण कोण दिसलं, असं विचारत होते. कुणालाच ओळखलं नाही म्हणाला, तर हुकूम झाला: बाजारापासून सुरू कर, एकेक गल्ली घे. मग गल्लीगल्लीतून नावं सांगायला लावली. एका लांब रस्त्यावरची तर आठ माणसं. हे वाचून मी त्या रात्री पुढे काही लिहूच शकले नाही.

अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिलं (जाळलं नव्हतं, हे पुष्कळदा चुकीचं लिहिलं जातं). कबुली देऊन इतरांची नावं घेणारे बहुतेक वाचले, ‘मी निर्दोष’ म्हणत राहिलेले फासावर गेले. १९४७ नंतर कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) समितीसमोरही हाच प्रश्न होता: तुमच्याबरोबर बैठकीला आणखी कोण होतं? म्हणून मूळ शब्दातली ही साखळी मराठीत आलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

‘डाकीण-धरपकड’ असं एकदा लिहून पाहिलं आणि खोडलं. सातपुड्यात, नंदुरबारकडे, बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरही ते पुरतं थांबलेलं नाही. ज्या शब्दाने आजही एखादीचं डोकं फुटतं, तो अमेरिकेतल्या राजकारणासाठी उसना घ्यायला हात धजत नाही. सध्या ‘नावं वदवून घेण्याचं सत्र’ लिहिलंय, पण ते वाक्यात फार लांबतं.

खानदेशातल्या, सातपुड्यातल्या मंडळींना विशेष विनंती: गावात आजार पसरला की भगताकडे जाऊन ‘कुणी केलं’ त्याचं नाव विचारतात, त्या सगळ्या प्रकाराला तुमच्या बोलीत काय म्हणतात? भिली, पावरी, अहिराणी, कुठलाही शब्द चालेल. कुणाच्या तोंडून ऐकलात आणि कशावरून, तेही लिहा. लेख शुक्रवारी द्यायचा आहे.