मदत हवी आहे : जुनी पितळी कोळशाची इस्त्री पुन्हा वापरात आणायची आहे (उदगीर/लातूर)

नमस्कार मंडळी,

आमच्या उदगीरच्या घरात आजीची पितळी इस्त्री आहे. ती मला शोकेसमध्ये मांडायची नाही. कोळसे घालून तिनं सुती कपड्यांना इस्त्री करायची आहे. मराठवाड्यात हे काम जाणणारा जुना तांबट किंवा ओतारी कुणाच्या माहितीत आहे का?

इस्त्री ओतीव पितळेची आहे. चुंबक कुठेच चिकटत नाही, म्हणजे लोखंडावर मुलामा दिलेला नाही. कोळसे ठेवायची आतली लोखंडी जाळी गंजून निम्मी झडली आहे. मुठीखालचा पत्रा, जो झाकणाची धग हाताला लागू देत नाही, तो गेलेलाच आहे. तळाच्या उजव्या कडेला बारीक खाच आहे, कापडाचा धागा तिथे अडकतो. पण खरी अडचण झाकणाची. बिजागरी तुटली होती म्हणून एका दुकानात डाख (सोल्डर) लावून घेतला. घरी कोळसे भरले, थोड्या वेळात डाख पाघळला आणि झाकण मुठीसकट हातात आलं. दुकानदार म्हणतो, "शोभेला ठेवा, आता कोण वापरतंय."

मी वापरणार आहे. आजोबा शाळेत मास्तर होते. १७ सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला धोतर आणि खादीचा सदरा कडक हवा, म्हणून आदल्या दिवशी दुपारीच आजी खळ करायची. निळीचं पाणी वेगळं. संध्याकाळी ओसरीत सतरंजी, तिच्यावर जुन्या लुगड्याची चौघडी. बाभळीचे कोळसे चुलीतून चिमट्यानं इस्त्रीत पडायचे आणि ती इस्त्री वाऱ्याच्या तोंडी धरून हेलकावायची, की बाजूच्या भोकांतून आतले कोळसे लाल दिसू लागायचे. मग आधी राख झटकायची. पांढऱ्या सदऱ्यावर एक कण पडला तरी सगळं धुणं पुन्हा. पाण्याचा हबका मारायचं काम आम्हा पोरांचं. टेरिकॉटचा शर्ट मात्र ती या इस्त्रीजवळ फिरकू देत नसे, कारण हिची आच कमी करायला बटण नाही. गार कपड्यावर एकदा फिरवून अंदाज घ्यायचा, एवढंच.

पुढे घरात विजेची इस्त्री आली, तरी लोडशेडिंगच्या दिवसांत हीच माळ्यावरून खाली यायची. ओलसर सुती कापडावर तिचं वजनच निम्मं काम करायचं. तशी घडी मला हलक्या विजेच्या इस्त्रीनं अजून जमलेली नाही.

तर, बिजागरीला टिकेल असं काय करावं? तळाची खाच कुणाकडून घासून घ्यावी? आणि तळाला कल्हई करून घ्या असं एकजण सुचवतात, ते बरोबर आहे का?

प्रतिसाद (परभणी)

ताई, आधी कल्हईचं. अजिबात करू नका. कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशांना वितळतं. सुती कपड्याला तळ २०० अंशांच्या आसपास लागतो आणि कोळशाची आच कधी वर जाईल ते आपल्या हाती नाही. कल्हई पातळ होऊन कपड्याला लागेल.

डाखाचंही तेच झालं. शिसं-कथिलाचा डाख त्याहूनही आधी सुटतो. फुललेल्या कोळशापुढे तो कसा टिकणार? चांदीचा डाख मागा, तो ६०० अंशांच्या पुढे वितळतो. पण एका बाजूला आच जास्त लागली तर जुनं ओतीव पितळ तडकू शकतं, म्हणून मी असतो तर नवी पितळी बिजागरी रिव्हेट मारून बसवली असती. आमच्या घरच्या इस्त्रीला तसंच केलं, आजही घट्ट आहे.

जाळी साध्या लोखंडी पट्टीची करा. जस्त चढवलेली नको, तापल्यावर तिचा धूर बाधतो. खाच बारीक कानशीनं, मग पॉलिश पेपरनं. पेपर लांबीच्या दिशेनं फिरवा, आडवा नाही. काळे डाग चिंचेनं निघतात. वापरण्याआधी कोमट तळावर फडक्यात गुंडाळलेलं मेण फिरवून जुन्या चादरीवर पुसून घ्या.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

मूठ, कडी असे जुने सुटे भाग हवे असतील तर आमच्याकडे जाफर गेटचा रविवारचा बाजार पाहा. नशिबानं मोडकी इस्त्री मिळाली तर तिचा मुठीखालचा पत्राही कामाला येईल. आणि एक कळकळीनं सांगते, बंद खोलीत ही इस्त्री कधीच वापरू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. तुमच्या आजी ओसरीत बसायच्या तेच योग्य. दगडी कोळसा घालू नका, लाकडाचाच घ्या. काम झाल्यावर राख पाणी मारूनच टाका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कल्हई रद्द. रिव्हेटचा सल्ला पटला. परभणीच्या दादा, तुमचं काम केलेला कारीगर अजून दुकान चालवत असेल तर मी इस्त्री घेऊन एसटीनं तिकडे येते. त्यांच्याकडे ओतीव पितळेला भोक पाडायची सोय आहे का, तेवढं विचारून सांगाल का? लातूर-नांदेडकडचं कुणी असेल तर तेही कळवा.